शक्ती नसलेले सवंगडी

(दहावी १९९३ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'शाळेने मला काय दिले'. माझ्याआधी चौघे बोलले आणि त्यांनी हा विषय इतका स्वच्छ झाडून घेतला की माझ्यासाठी कोपऱ्यातसुद्धा काही उरले नाही. म्हणून मी शेजारच्या विषयाकडे वळतो. शाळेने जे दिले नाही, पण शाळेच्या वेळात, भूगोलाच्या पुस्तकाच्या आत ठेवून आपण जे वाचले, त्याबद्दल बोलतो. तीस वर्षांत गुरुजनांचा राग निवला असेल असे धरून चालतो. निवला नसेल तर मागच्या दाराजवळ माझी चप्पल तयार आहे.

आपण पाचवीत या शाळेत आलो ते १९८७ साल. चोपड्याला रेल्वे नाही. बाहेरच्या जगातून जे यायचे ते एस.टी.च्या टपावरून यायचे, जळगावकडून नाहीतर अमळनेर-धरणगावकडून. केळीचे घड गावातून बाहेर जात आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे गावात येत. त्या गठ्ठ्यांबरोबर कॉमिक्स येत. बसस्थानकाजवळच्या टपरीवर सुतळी बांधून, चिमटे लावून ती टांगलेली असत. घरी न्यायचे तर दिवसाला आठ आणे, तिथेच बाकावर बसून वाचले तर चार आणे. हा दर तुमच्यापैकी किमान वीस जणांना तोंडपाठ आहे, हे तुमच्या हसण्यावरून कळते आहे.

आपल्या हाती तेव्हा तीन प्रकारचे नायक होते. पहिला वेताळ. तो आपल्याला मोठ्या भावांकडून, काकांकडून वारशाने मिळाला. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली, म्हणजे आपण आठवीपर्यंत पोहोचलो तेव्हा तिचा कारभार आटोपला होता. आठशेच्या वर अंक निघाले त्यांचे. वेताळ मूळचा अमेरिकेतल्या ली फॉक यांचा, १९३६ पासून वर्तमानपत्रात चाललेला. पण मराठीत आल्यावर त्याला नावच असे मिळाले की तो आपल्या गावच्या वेशीवरचा वाटावा. जांभळा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कवटीची गुहा, बोटात कवटीची अंगठी. चारशे वर्षे मरत नाही अशी त्याची ख्याती. खरी गोष्ट एवढीच की बाप गेला की मुलगा तोच पोशाख घालतो, आणि आपण वाचत होतो तो एकविसावा.

वेताळ थोर होता, पण तो मोठा माणूस होता. त्याच्याकडे आपण खालून वर पाहायचो, जसे पी.टी.च्या सरांकडे पाहायचो. दुसरे दोघे मात्र आपल्या वयाचे होते, आणि मला खरे बोलायचे आहे ते या दोघांबद्दल.

एक होता सुपर कमांडो ध्रुव. दिल्लीच्या राज कॉमिक्सचा, हिंदीतला. लिहिणारे आणि चित्रे काढणारे एकच, अनुपम सिन्हा. 'प्रतिशोध की ज्वाला' हे त्याचे पहिले कॉमिक आले १९८७ मध्ये, म्हणजे आपण या शाळेत आणि तो त्या टपरीवर एकाच वर्षी दाखल झालो. त्याचे आईवडील ज्युपिटर सर्कशीत झोक्यावरची कामे करायचे. प्रतिस्पर्धी सर्कसवाल्यांनी लावलेल्या आगीत ते गेले आणि हा पोरसवदा मुलगा उरला. पुढे राजनगरच्या एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला घरी आणून मुलासारखे वाढवले. निळा-पिवळा पोशाख, कमरेला पट्टा, पट्ट्यात तारेच्या आकाराची पाती, आणि खाली मोटारसायकल.

दुसरा होता फास्टर फेणे. तो आपला, मराठीतला. खरे नाव बनेश फेणे, गाव पुण्याजवळचे फुरसुंगी, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. काडी पहिलवान, अंगात चौकड्यांचा शर्ट, बुडाखाली सायकल, आणि काही सुचले की तोंडातून 'ट्टॉक'. भा. रा. भागवतांनी त्याची वीस पुस्तके लिहिली. आता फेणे हे कॉमिक नव्हे, ती गोष्टीची पुस्तके, मधूनमधून चित्रे असलेली. पण आपल्या मनात तो ध्रुवाशेजारीच बसला होता. कारण दोघेही मालिकेतले. एक पुस्तक संपले तरी मुलगा संपत नव्हता. पुढच्या पुस्तकात तो पुन्हा भेटणार याची खात्री होती. 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'जंगलपटात फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे'. नुसती नावे वाचली तरी चोपड्यात बसून भारतदर्शन व्हायचे.

आता प्रश्न असा की या दोघांत एवढे काय होते? टपरीवर त्यांच्यापेक्षा भारी मंडळी टांगलेली होती. राज कॉमिक्सचाच नागराज होता. त्याच्या शरीरात साप, फुंकरीत विष. त्याच्याशी कोणी भांडायला येतेच कशाला, असा मला प्रश्न पडायचा. ध्रुवाकडे यातले काही नव्हते. उडता येत नाही, डोळ्यांतून किरण निघत नाहीत, मार बसला तर लागते. सर्कशीत शिकलेल्या कसरती, पशुपक्ष्यांची भाषा आणि डोके, एवढीच पुंजी. पशुपक्ष्यांची भाषा ही जरा जास्त सवलत झाली हे मान्य, पण तीसुद्धा त्याला आकाशातून मिळाली नव्हती, तो ती सर्कशीतल्या जनावरांत वाढून शिकला होता. फेण्याकडे तर तेवढेही नव्हते. त्याच्याकडे सायकल आणि चौकसपणा.

पोरवयाच्या नायकाची गोष्ट जगातही फार जुनी नाही. अमेरिकेत १९४० साली बॅटमॅनच्या बरोबर रॉबिन नावाचा मुलगा आला, पण तो शिष्य, मदतनीस. मुख्य गडी मोठाच. १९६२ च्या ऑगस्टमध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी स्पायडरमॅन आणला आणि शाळेत जाणारा, वर्गातल्या दांडगटांकडून टोमणे खाणारा मुलगा स्वतःच नायक झाला. ती मोठी उडी होती. तरी त्यालासुद्धा आधी कोळी चावावा लागला. आपल्या दोघांना काहीच चावले नाही. म्हणजे असे की ध्रुव किंवा फेणे व्हायला नशिबाची वाट पाहावी लागत नव्हती. सायकल भाड्याने मिळत होती, तीही तासाला आठ आण्यांनीच. अडचण झाली की ध्रुव आजूबाजूला काय पडले आहे ते पाहायचा. दोरी, खांब, पाण्याचा पाइप, विजेची तार. आठवीत विज्ञानाच्या पुस्तकात जे धडे होते, त्यांचा कोणाला काही उपयोग होतो हे मला पहिल्यांदा त्याच्याकडून कळले.

नायकाकडे जेवढी शक्ती कमी, तेवढी वाचणाऱ्याला आत यायला जागा जास्त. नागराजाला आपण पाहत होतो. ध्रुवाबरोबर आणि फेण्याबरोबर आपण विचार करत होतो. पान उलटण्याआधी, आता हा कसा सुटेल, यावर आपल्या बाकावर पैजा लागायच्या.

दुसरे कारण वय. फेणे वर्षानुवर्षे शाळेतच राहिला. आपण पाचवीत होतो तेव्हा तो आपला दादा होता, सातवी-आठवीत बरोबरीचा झाला, आणि दहावीची घंटा वाजली तेव्हा तो मागे राहिला आणि आपण पुढे निघून गेलो. एवढा जवळचा मित्र असा हळूच धाकटा होताना पाहणे, हा अनुभव मालिकाच देऊ शकते. २०१७ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, अमेय वाघने काम केले. त्यात तो मोठा झालेला, डॉक्टर व्हायच्या परीक्षेच्या वयाचा दाखवला आहे. माझ्या मुलीला सिनेमा आवडला. मला आवडला, पण मन जरा चुकचुकले. आपण म्हातारे होत असताना निदान त्याने तरी तिथे थांबायला हवे होते.

तिसरे कारण म्हणजे मधल्या गाळलेल्या जागा. आपल्याला मालिका कधी सलग मिळाली नाही. ग्रंथालयात फेण्याची सहा-सात पुस्तके, त्यातल्या दोघांची शेवटची पाने गायब. टपरीवर ध्रुवाच्या दोन भागांतल्या गोष्टीचा पहिला भाग असायचा आणि दुसरा कोणीतरी यावलला नेलेला असायचा. मग ग्रँड मास्टर रोबोच्या तावडीतून ध्रुव कसा सुटला, हे आपणच ठरवायचे. मधल्या सुट्टीत चिंचेखाली तीन-तीन शेवट तयार व्हायचे आणि त्यावरून भांडणे व्हायची. आपल्या तुकडीतले दोघे पुढे पत्रकार झाले, एक वकील झाला. त्यांचा पाया कुठे घातला गेला ते मला माहीत आहे.

या ठिकाणी मैत्रिणींच्या बाजूने एक हरकत येणार, ती मीच आधी सांगतो. परवा आपल्या गटावर मी या भाषणाचा विषय टाकला तेव्हा एकीने लिहिले, "तुम्ही टपरीच्या बाकावर बसत होतात, आम्ही बसू शकत होतो का?" खरे आहे. बसस्थानकावरच्या टपरीत मुलगी बाकावर बसून कॉमिक वाचते आहे, हे १९८९ च्या चोपड्यात कोणी पाहिले नाही. त्यांनी ती भावाच्या उशीखालून काढून वाचली, दुपारी, भांडी घासून झाल्यावर. आठ आणे आपले, पण वाचक दोन, हे आपल्याला ठाऊकच नव्हते. आणि वाचताना त्यांना वेगळेच कोणीतरी सापडत होते. ध्रुवाची बहीण श्वेता, विज्ञानात हुशार, घरात साधी. तीच मुखवटा घालून चंडिका व्हायची आणि भावाला वाचवून परत घरी येऊन बसायची. भावाला पत्ता नाही! आमच्यासाठी ती जोडकथा होती. आपल्या त्या मैत्रिणीने लिहिले, "आम्हाला ती मुख्य कथा वाटायची." तीच कॉमिक्स, तीच पाने, आणि दोन वेगळी वाचने. मला हे समजायला पन्नाशीच्या जवळ यावे लागले.

आता जरा गंभीर बोलतो.

आपल्या वर्गात सातपुड्याच्या पाड्यावरून आलेला एक मित्र होता, वसतिगृहात राहायचा. तो आज सभागृहात आहे. त्याची परवानगी घेऊन सांगतो, नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच. घरची बोली पावरी. शाळेची मराठी ही त्याच्यासाठी परकी भाषा. आपली अवस्थाही फार निराळी नव्हती. घरी "काय करी ऱ्हायना रे?" आणि शाळेत "काय करतो आहेस?". पण अहिराणीवरून मराठीत यायला एक ओढा ओलांडावा लागतो, त्याला तापी ओलांडावी लागत होती, आणि पावसाळ्यातली. पाचवीत त्याला वाचायला उभे केले की तो गप्प उभा राहायचा. आपण हसायचो.

सातवीपर्यंत तो घडाघडा वाचू लागला. कसे, ते त्याने मला गेल्या वर्षी सांगितले. वसतिगृहात कोणीतरी ध्रुवाचे फाटके कॉमिक टाकून गेले होते. हिंदीतले, म्हणजे त्याच्यासाठी अजून एक परकी भाषा. तो म्हणाला, "चित्रात आधी दिसायचं काय झालं ते. माणूस पडला, आग लागली, पोरगा धावला. मग वर फुग्यात लिहिलेलं असायचं. जे दिसलं तेच लिहिलं असणार, म्हणून अर्थ लागायचा. धड्यात चित्र एक आणि मजकूर दोन पानं. तिथं धरायला काही नव्हतं." आणि मग त्याने जे सांगितले ते मी लिहून ठेवले आहे. "पुढच्या वेळी तोच पोरगा, तीच बहीण, तेच गाव. पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागत नव्हती. दहाव्या कॉमिकला मी चित्र न बघता वाचत होतो." ध्रुवाकडून तो फेण्याकडे आला, हिंदीतून मराठीत, चित्रांतून मजकुरात. आज तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, आणि त्याच्या वर्गात मुले स्वतःच्या बोलीत फुगे भरून चित्रकथा काढतात.

मालिकेची ही ताकद आपण कधी ध्यानात घेतली नव्हती. मोठ्या माणसांना तेच-तेच वाटते, तेच मुलाला आधार वाटते. ओळखीच्या माणसाचा हात धरून अनोळखी भाषेत शिरता येते.

कॉमिक्समध्ये सगळेच सोने होते असे मी म्हणत नाही. मारामारी भरपूर होती, खलनायक एकाच साच्यातले होते, छपाई अशी की निळ्या पोशाखाचा रंग शेजारच्या भिंतीला लागायचा. आणि त्या कथांत राजनगर होते, पुणे होते, गुलमर्ग होते, खानदेश कुठेच नव्हता. उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर एखादे गूढ उकलायला कोणी आले नाही, अनेरच्या काठी कोणाचा पाठलाग झाला नाही. गुरुजनांना काळजी वाटायची ती यामुळेच, आणि त्या काळजीत तथ्य होते. तरीही मुलाच्या हातून पुस्तक काढून घेतल्यावर त्याच्या हातात दुसरे पुस्तक येतेच असे नाही. बहुतेक वेळा हात रिकामाच राहतो. आणि आता तर तो रिकामाही राहत नाही, त्यात मोबाइल येतो.

आपल्या भागाला या गोष्टीची परंपरा आहे. इथून जवळच अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते, तेव्हा त्यांनी मुलांसाठी 'विद्यार्थी' नावाचे मासिक चालवले. मुलांना अभ्यासक्रमाबाहेरचे, आपलेसे वाटेल असे वाचायला हवे, हे त्या शिक्षकाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. भा. रा. भागवतांनीही 'बालमित्र' मासिक चालवले, त्यासाठी पदरमोड केली, आणि ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांना दिल्या. ही माणसे मुलाच्या आवडीला कमी लेखत नव्हती.

आता मुद्द्यावर येतो, कारण जेवणाचा वास इथपर्यंत आला आहे आणि भरीत गार झालेले चांगले लागत नाही.

आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे. समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत, प्रवेशद्वाराची कमान आणि एका वर्गात मोठा डिजिटल फळा. कमानीला माझा विरोध नाही, तिच्यावर आपली नावे येणार आहेत. फळ्यालाही नाही. पण मी तिसरा प्रस्ताव मांडतो, आणि तो या दोन्हींपेक्षा स्वस्त आहे. ग्रंथालयात एक कपाट द्यावे, मालिकांचे. फास्टर फेण्याची वीसच्या वीस पुस्तके, भागवतांचाच बिपिन बुकलवार, ताम्हनकरांचा गोट्या, मराठी आणि हिंदी कॉमिक्स, आणि आजची मुले ज्या मालिका वाचतात त्याही, आपल्याला त्यातले काही कळले नाही तरी.

तीन अटी घालाव्यात. पहिली, कपाटाला कुलूप नको. दुसरी, मालिका पूर्ण घ्यावी. गाळलेल्या जागा आपल्याला पुरल्या, कारण तेव्हा पुढचा भाग मिळवायला चिकाटी लागायची आणि दुसरे काही करायला नव्हते. आजच्या मुलाला पुढचा भाग सापडला नाही तर तो शोधत बसणार नाही. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. पुस्तक फाटले तर मुलाकडून भरपाई घ्यायची नाही. फाटलेले पुस्तक म्हणजे वाचलेले पुस्तक. दरवर्षी जेवढी फाटतील तेवढी नवी आपण घेऊन द्यायची. यासाठी दरसाल वर्गणी काढायला मी तयार आहे, आणि ती आपल्यातल्या पाव जणांनी जरी दिली तरी पुरेल.

आणि आपला तो शिक्षक मित्र म्हणाला आहे की त्याच्या मुलांनी काढलेल्या चित्रकथा तो या कपाटासाठी देईल. पावरीतल्या, अहिराणीतल्या, सातपुड्यातल्या. त्यातली एक मी पाहिली. एक मुलगी आहे, पाड्यावरची. तिच्याकडे कसलीही शक्ती नाही. तिच्याकडे शेळ्या आहेत आणि जंगलातल्या सगळ्या वाटा तिला माहीत आहेत. दोन भाग झाले आहेत. दुसऱ्या भागाच्या शेवटी लाकूडतोड करणाऱ्या चोरांची गाडी नाल्यात अडकली आहे आणि मुलगी झाडावर बसून पाहते आहे.

तिसरा भाग अजून काढायचा आहे, असे तो म्हणाला. मी त्याला रोज फोन करतो आहे.